पिंजऱ्यातील अंडी की मोकळ्या कोंबड्यांची?

दादरच्या आमच्या शेजारीणबाईंना पडलेला हा प्रश्न आहे. कोंबड्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या निकषावर फरक मोठा आहे: बॅटरी पिंजऱ्यात (ओळीने रचलेल्या तारेच्या छोट्या पिंजऱ्यात) एका कोंबडीच्या वाट्याला साधारणतः ए-४ कागदाहूनही कमी जागा येते, तिला पंख पसरता येत नाहीत, भारतीय विधी आयोगाने 2017 च्या 269 व्या अहवालात याच पद्धतीवर बोट ठेवले, तर युरोपीय संघाने असे साधे बॅटरी पिंजरे 2012 पासून बंद केले. मात्र अंडी न देणारी नर पिल्ले दोन्ही पद्धतींत सहसा मारली जातात, हे वेष्टणावर छापले जात नाही. किमतीत पिंजऱ्यातील अंडी स्वस्त. तपकिरी कवच केवळ जातीवर ठरते, म्हणून ते कोंबडी मोकळी असल्याचा पुरावा नव्हे. रोज डझनभर अंडी लागणाऱ्या, हात आखडता असलेल्या घराला पहिला पर्याय परवडतो. आठवड्याला चार-सहाच खाणाऱ्याने, पाळणारा माहीत असल्यास, दुसरा घ्यावा.