बेटी पेज की बेटी ग्रेबल? रेट्रो लूक कुठला करायचा

मैत्रीण रेट्रो फोटोशूटसाठी अडलीय, बेटी पेज (पन्नाशीच्या दशकातली अमेरिकन पिनअप मॉडेल) करू की बेटी ग्रेबल (चाळीसच्या दशकातली हॉलिवूडची नटी), म्हणून इथेच लिहिते.

केस आधी. पेजची खूण म्हणजे काळेभोर मोकळे केस आणि कपाळावर गोलसर कापलेली बँग्ज, तीही तिची आयडिया नव्हे, १९५० मध्ये जेरी टिब्स नावाच्या पोलिसाने (फोटोग्राफीचा शौक होता त्याला) रुंद कपाळ झाकायला सुचवलेली. एकदा कापली की रोजची मेहनत कमी, पण ट्रिमिंग सारखं लागतं, आणि नाही आवडली तर वाढेपर्यंत गप्प बसा. ग्रेबलच्या १९४३ च्या गाजलेल्या पाठमोऱ्या फोटोत केस वर बांधून कुरळे केलेत, म्हणजे पिना, स्प्रे, तासभर आरशासमोर, आणि धुतलं की खेळ खल्लास.

खर्चात पेज जिंकते. बाई स्वतःच्या बिकिन्या स्वतः शिवायची, १९५४ मध्ये फ्लोरिडात फोटोग्राफर बनी यीगरने काढलेल्या फोटोंतला बिबट्याच्या ठिपक्यांचा ड्रेसही तिनेच शिवलेला. ग्रेबलच्या मागे अख्खा स्टुडिओ होता, तिच्या पायांचा विमा उतरवल्याची गोष्ट तर सरळ पब्लिसिटी, ती सोडा.

टिकण्याचं म्हणाल तर पेजने १९५७ मध्ये काम सोडलं, तरी ऐंशीच्या दशकापासून ती बँग्ज पुन्हा पुन्हा येतेच, बर्लेस्क नर्तिका डिटा व्हॉन टीझला बघा.

रोज मिरवायचंय, सरळ केस आहेत, तर पेज. एका दिवसाचं शूट किंवा केस कुरळे असतील तर ग्रेबल, कात्री लावू नकोस.