पूलचा हीट पंप पाणी तापवेना: आधी स्वतः बघायचं की थेट सर्व्हिसला फोन?

डिसेंबरात लोणावळ्याच्या बंगल्यावर पाहुणे यायचे असतात आणि नेमकं तेव्हाच पूलचं पाणी गार लागतं. हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं मशीन, बिघडलं असं वाटतं आणि हात आधी फोनकडे जातो. माझं मत मात्र ठाम आहे: पाण्याचं आणि हवेचं आपण बघावं, मशीनमधला उष्णता वाहून नेणारा गॅस आणि करंट टेक्निशियनवर सोडावा.

थेट फोन केला की काय होतं, ते मी अनुभवलंय. पुण्याहून माणूस आला तिसऱ्या दिवशी. हीट पंपाला हातही न लावता त्याने फिल्टरच्या पंपाचं झाकण उघडलं आणि जाळीतून कुजक्या पानांचा गोळा बाहेर काढला. पाणी पुरेसं जात नव्हतं, म्हणून फ्लो स्विच मशीन सुरूच होऊ देत नव्हता. काम पाच मिनिटांचं, व्हिजिट चार्ज पूर्ण.

तेव्हापासून मी आधी पाण्याची वाट तपासते. पातळी स्किमरच्या (पूलच्या कडेला वरचं पाणी ओढून घेणाऱ्या खाचेच्या) तोंडाच्या मध्यापर्यंत आहे का, जाळी साफ आहे का, मशीन वगळून पाणी वळवणारा बायपासचा व्हॉल्व्ह कुणी फिरवला तर नाही ना? सँड फिल्टरचं प्रेशर नेहमीपेक्षा बरंच चढलं असेल तर बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून आतली वाळू धुवायची. आणि टायमर! काट्याचा टायमर लाइट गेल्यावर थांबतो, मग पंप भलत्याच वेळी चालतो. हवेच्या बाजूला पत्र्याच्या बारीक पात्यांवर धूळ-पाचोळा बसला असेल, तर मेन स्विच बंद करून साध्या पाइपने हलकेच धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

पुष्कळदा बिघाड नसतोच. ५०,००० लिटर पाणी १ अंश तापवायला साधारण ५८ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. १२ किलोवॉट उष्णता देणाऱ्या मशीनला त्याला ५ तास लागतात, तेही पूल झाकलेला असेल तर. उघड्या पूलची ऊब रात्री वाफेवाटे निघून जाते.

मशीनखाली पाणी टपकतं तेव्हा बहुतेक जण घाबरतात. त्यात क्लोरीनची पट्टी बुडवा. क्लोरीन नसेल तर ते हवेतलं दव. क्लोरीन दिसलं तर पूलचंच पाणी गळतंय. आतल्या हीट एक्स्चेंजरची, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाची शंका घ्या आणि फोन करा.

आणखी काही बाबतींत सर्व्हिसच बरी. ब्रेकर पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो वर करत बसू नका, ओल्या जागेत ते जिवावर बेतू शकतं. पंखा फिरतोय, पाणीही नीट वाहतंय, पण आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानात काहीच फरक नाही, तर गॅस किंवा कॉम्प्रेसरकडे बोट जातं. थ्री फेज मशीनवर लाइनच्या दुरुस्तीनंतर लगेच एरर आला, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून फेजचा (तीन तारांचा) क्रम तपासून घ्या.

फोन करण्याआधी एरर कोडचा आणि मशीनवरच्या नेमप्लेटचा फोटो पाठवा, आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची तापमानंही कळवा. म्हणजे पहिल्याच खेपेला माणूस लागणारं सामान घेऊन येण्याची शक्यता वाढते.