गावची मंडळी सुटली, पुण्यात कुठल्या चर्चला जायचं?

सगळ्यांना सलाम. नगर, संगमनेर, जालना, सोलापूर इकडून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या आपल्या घरांमध्ये एकच बोलणं असतं, फ्लॅट मिळाला, शाळेत ॲडमिशन झालं, गॅस आला, पण रविवारी जायचं कुठे? मी नगरकडची, सासर माहेर दोन्ही सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आता हिंजवडीजवळ राहते. आम्ही शोधताना जे बघितलं आणि बाकीच्या घरांकडून जे ऐकलं ते समोरासमोर ठेवते, ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांना उपयोग होईल. (कॅथलिक असाल तर तुमचं सोपं आहे, तुम्ही ज्या भागात राहता तिथलंच पॅरिश तुमचं, जाऊन नाव नोंदवा. हे बाकीच्यांसाठी.)

बहुतेकांसमोर तीन रस्ते असतात. शहरातली जुनी मराठी मंडळी (आपल्यात चर्चच्या समुदायाला मंडळी म्हणतात), घराजवळची हॉलमधली फेलोशिप म्हणजे छोटी स्वतंत्र मंडळी, नाहीतर गावच्याच चर्चची उपासना मोबाईलवर बघणं आणि जमेल तेव्हा गावी जाऊन येणं.

आधी जुन्या मंडळीबद्दल. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, सगळे त्याला पंचहौद चर्च म्हणतात, ते १८८५ सालचं. अशा ठिकाणी पहिल्यांदा गेलात की नगरकडच्या माणसाला थोडं बावरल्यासारखं होतं, बोर्डावर सीएनआय लिहिलंय मग हे आपल्यासारखं का नाही? कारण २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली, आणि आपली नगरची परंपरा अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे साधी उपासना, लांब उपदेश, पंचांचा कारभार, तर पंचहौदची अँग्लिकन, म्हणजे झगे, ठरलेल्या प्रार्थना, मंडळीने द्यायची उत्तरं, गुडघे टेकणं. नाव एक, घडण वेगळी. दोनचार रविवार गेले की जीभ वळते, त्यामुळे एका रविवारावरून "इथे नको" म्हणू नका. मेथडिस्ट मंडळीत बसलात तर आपल्याला जास्त ओळखीचं वाटतं, ते १९७० च्या त्या एकीकरणात आले नाहीत, त्यांची वेगळी व्यवस्था आहे आणि पाळकांच्या, म्हणजे पास्टरच्या, नेमणुका कॉन्फरन्समध्ये, म्हणजे त्यांच्या मंडळ्यांच्या सभेत होतात.

जुन्या मंडळीचं खरं बळ म्हणजे भाषा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं पेटी-तबल्यावर सुरू झाली की माझ्या सासूबाई चष्मा काढून ठेवतात, पुस्तक लागतच नाही त्यांना. टिळक १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन पुढे आमच्या नगरलाच राहिले, काम केलं, ती गीतं आमच्याकडे घरातल्या माणसासारखी आहेत. आणि कापणीचा सण! उपासना झाली की आवारात लिलाव, कुणी ज्वारीची पाटी आणलेली, कुणी दुधी, कुणी गावठी कोंबडी, आणि मेथीची एक जुडी दोन काकांच्या ईर्षेत पाचशेच्या वर गेलेली मी बघितलीय, शेवटी ज्यांनी घेतली त्यांनी ती तिथेच बसलेल्या एका एकट्या आजींच्या पिशवीत टाकली. पुण्यात नवीन असताना असं काही बघितलं की वाटतं, आपली माणसं इथेही आहेत.

अडचणी पण आहेत. हिंजवडीहून गुरुवार पेठ म्हणजे वीसेक किलोमीटर, लहान पोरांना सकाळी उठवून तयार करून नेणं दर रविवारी होत नाही. काही जुन्या मंडळ्यांमध्ये जागेवरून, कमिटीवरून वाद चालू असतात, नवीन माणूस आला की प्रत्येक गट त्याला आपल्याकडे ओढतो. आणि मुलांना मराठी वाचता येत नसेल, हल्ली इंग्लिश मीडियममुळे बऱ्याच घरांत तसं आहे, तर ती पुस्तक हातात धरून नुसती उभी राहतात, हे बघून आईचा जीव तुटतो.

आता घराजवळची फेलोशिप. भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, पडद्यावर गाण्याचे शब्द, हिंदी-इंग्लिश मिसळलेलं. पहिल्याच दिवशी उभं राहून नाव सांगायला लावतात आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर असता. ह्या आपुलकीला मी कमी लेखत नाही, शेजारच्या एका बाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या फेलोशिपच्या बायकांनी आठवडाभर पाळीपाळीने डबे पोचवले, आणि त्या बाई तिथे जेमतेम महिन्यापूर्वी जायला लागल्या होत्या. मुलं तिथे रमतात, तरुणांना काम मिळतं, लगेच गिटार हातात देतात.

पण सभासद व्हायच्या आधी पाळकांना तीन गोष्टी स्पष्ट विचाराच. पहिली बाप्तिस्म्याची. आपल्याकडे बालपणी बाप्तिस्मा होतो, पुढे मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करायचा विधी म्हणजे दृढीकरण, बऱ्याच स्वतंत्र मंडळ्या तो धरत नाहीत आणि पाण्यात बुडवून परत घ्यायला सांगतात. सीएनआयमध्ये बाळाचा आणि मोठेपणी विश्वासाने घेतलेला असे दोन्ही बाप्तिस्मे चालतात, कारण त्या सहा मंडळ्यांत बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते, पण एकदा झालेला बाप्तिस्मा परत करत नाहीत. म्हणून हा प्रश्न किरकोळ समजू नका, नवरा तयार आणि बायको नाही, किंवा गावी आई-वडिलांना "मग आम्ही तुला दिलेलं ते काय होतं" असं वाटलं, तर घरात फार दुखतं. दुसरी गोष्ट लग्न आणि दफन. १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायला पाळकांना तसा अधिकार लागतो, स्वतंत्र पाळकांकडे सरकारी लायसन्स आहे का ते विचारा, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर कब्रस्तानाची सोय काय हेही, अवघड वाटलं तरी विचारा, ऐनवेळी रात्री दहा वाजता फोन करत फिरण्यापेक्षा बरं. तिसरी गोष्ट पैसे. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, द्यावा हे मी मानते, पण हिशेब कोण बघतं, वर्षातून एकदा मंडळीसमोर वाचून दाखवतात का? जिथे हे विचारल्यावर पाळकांचा चेहरा बदलतो तिथे मी माझं घर बांधणार नाही. पाळक कुठे शिकले तेही विचारा, चांगला पाळक आनंदाने सांगतो.

कॅम्पातल्या इंग्लिश उपासनांचा पर्याय आहेच, ज्यांची मुलं पूर्ण इंग्लिशमध्ये वाढतायत त्यांनी नक्की जाऊन बघावं, पण सोबत आजी-आजोबा असतील तर ते बिचारे तिथे पाहुण्यासारखे बसतात.

राहिला तिसरा रस्ता, मोबाईलवर गावची उपासना. आजारी माणसाला, बाळंतिणीला, शिफ्टवाल्याला हे वरदानच आहे, ओळखीचा आवाज, ओळखीची वेदी. सुरुवातीचे काही आठवडे आम्हीही तेच केलं. पण हा कायमचा मुक्काम करू नये असं मला मनापासून वाटतं. प्रभुभोजन स्क्रीनवर मिळत नाही, आणि तुम्ही आला नाहीत हे कुणाला कळतही नाही. बायबलमधल्या यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं अकरावं वचन आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर असतं, भविष्य आणि आशा देणारं, पण ते वचन ज्या पत्रात आहे ते पत्र देशातून बंदिवान करून बाबेलला नेलेल्या लोकांना आहे, आणि त्यात देव आधी काय सांगतो? घरं बांधा, बागा लावून त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात मी तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागणार होती परतायला. म्हणजे देवावर भरवसा ठेवायचा तर बॅगा उघडायच्या, ह्याच शहरात कुणाचं तरी व्हायचं. मला बदलीच्या त्या दिवसांत ह्याच पाच-सहा ओळींनी धरून ठेवलं.

मग निवडायचं कसं? घरात म्हातारं माणूस असेल किंवा मुलांनी मराठीत प्रार्थना करावी असं तुम्हाला वाटत असेल तर अंतर सोसून जुनी मराठी मंडळी धरा, महिन्यातून तीनच रविवार जमले तरी चालतील, पण महिला मंडळात, संडे स्कूलमध्ये नाव घाला, नाहीतर दोन वर्षांनीही तुम्ही मागच्या बाकावरचे नवीनच राहता. नवरा-बायको दोघं नोकरीत, मुलं लहान, जवळ नातेवाईक कुणी नाही, अशांना मी घराजवळची फेलोशिप सांगेन, फक्त वरचे तीन प्रश्न विचारून. आम्ही जुन्या मंडळीत गेलो, सासूबाईंमुळे, आणि बुधवारी सोसायटीतल्या फेलोशिपच्या घरप्रार्थनेला मी अजूनही जाते, त्यांनाही चालतं, आमच्या पाळकसाहेबांनाही.

एक काम मात्र आत्ताच करा. गावच्या पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र आणि सगळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या कॉप्या घेऊन ठेवा, त्यांना वाईट वाटेल म्हणून टाळू नका, नवीन मंडळी कुठलीही असो, पुढे मुलांच्या दृढीकरणाला आणि लग्नाला हेच कागद मागतात.