‘पिकअप किट’च्या नावाखाली विकला जाणारा रेझिस्टर

छोट्या पेट्रोल गाडीला ‘इनटेक किट’ (इंजिनात हवा घेण्याचा भाग बदलणारा संच) बसवून पिकअप वाढवून देतो, असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. पुण्यात माझ्या अल्टो के10 ला असलं किट बसवून माझ्याकडून साडेनऊ हजार रुपये उकळले.

गाडी 998 सीसीची. चार माणसं बसली, एसी लावला, की खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या मागून बाहेर पडताना गाडी अक्षरशः रडते. दुकानदाराने नेमकं तेच हेरलं. “दादा, कंपनी इंजिनाचा गळा आवळून ठेवते. श्वास मोकळा केला की पंधरा टक्के पॉवर वाढलीच समजा.” किटमध्ये हवेचा लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा उघडा ‘कोन’ फिल्टर होता आणि काळ्या डबीतली एक ‘चिप’. बसवून झाल्यावर त्याने न्यूट्रलवरच रेस करून दाखवली. आवाज असा घुमला की शेजारच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली. रस्त्यावर चक्कर मारायची गोष्ट मात्र पैसे जमा झाल्यावर.

लोक फसतात ते या आवाजाला. कंपनीचा फिल्टरचा डबा हवा खेचण्याचा आवाज दाबतो. डबा काढला की इंजिन गुरगुरतं आणि गाडी पळतेय असं वाटतं. पण त्या डब्याची नळी बाहेरची, त्यातल्या त्यात गार हवा मिळेल अशा जागी काढलेली असते. उघडा कोन बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा 10 अंशांनी तापली की तिची घनता साधारण 3 टक्क्यांनी घटते. हवा विरळ, म्हणजे ताकदही कमी.

चिपचं प्रकरण तर उघड लबाडीचं आहे. अ‍ॅव्हरेज घसरलं म्हणून मी मित्राचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र, लावला. मे महिन्यातली दुपार, कात्रजचा ट्रॅफिक, आणि स्क्रीनवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान 9 अंश! चिप या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत जोडलेली होती. ती काढून सेन्सरचा प्लग थेट जोडला, तर आकडा 61. घरी डबी फोडली. आत एम-सीलसारखा लगदा ठासून भरलेला, आणि तो खरवडल्यावर दोन वायरींच्या मध्ये रंगीत पट्ट्यांचा एकच रेझिस्टर, म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा घालणारा चिमुकला भाग. दोन-तीन रुपयांचा.

त्याचं काम एवढंच, की इंजिनाच्या कॉम्प्युटरला खोटं सांगायचं. हवा गार असली की या सेन्सरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. वाटेत रेझिस्टर घातला की कॉम्प्युटरला हवा थंडगार वाटते आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. रमतगमत चालवताना धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ही चूक बरीचशी सावरून घेतो, पण पाय पूर्ण दाबला की जादा पेट्रोल अर्धवट जळून वाया जातं. माझ्या गाडीचे स्पार्क प्लग काढले तेव्हा टोकांवर काजळी होती.

परत गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, “इलेक्ट्रिकल वस्तूला गॅरंटी नसते.” मूळ फिल्टरचा डबा मागितला, तर “तो भंगारात गेला.” याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तो डबा माझा होता, चांगल्या स्थितीत होता, आणि तशाच डब्याला मला पुन्हा पैसे मोजावे लागले. बिल म्हणून हातात कच्ची पावती, तिच्यावर ना जीएसटी नंबर, ना वस्तूचं नाव. युपीआयची नोंद, स्कॅनरचे फोटो आणि फोडलेली डबी जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली आहे. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

तुमच्या गाडीत असं काही आधीच बसवलेलं असेल, तर हवेच्या तापमानाच्या सेन्सरची वायर हाताने चाचपून बघा. मध्येच काळी डबी लागली तर ती काढून प्लग थेट जोडा. मूळ डबा दुकानातच राहिला असेल तर तो आजच मागून आणा, उद्यापर्यंत तो विकला गेलेला असेल.