लठ्ठंभारतीच्या तोंडात कागद : एफ्टेलिंग उद्यानाचे परीक्षण

एफ्टेलिंगच्या परीक्षणाची सुरुवात मी तिथल्या कचरापेटीपासून करणार आहे. नेदरलँड्सच्या उत्तर ब्राबांट प्रांतातील काट्सहूवल या गावच्या या मनोरंजन उद्यानात लाकडी रोलर कोस्टर आहे, खाणीच्या अंधाऱ्या तोंडात सरळ खाली कोसळणारा दुसरा कोस्टर आहे, होडीतून फिरायचे अरबी नगर आहे. तरीही माझ्या पाच वर्षांच्या नातीने दिवसभरात सर्वाधिक वेळ घालवला तो ‘होले बोले खेइस’ नावाच्या एका गलेलठ्ठ पुतळ्यासमोर. डच बालगीतातला हा खादाड, कितीही खाल्ले तरी पोट न भरणारा लठ्ठंभारती. उद्यानात तो ठिकठिकाणी तोंड वासून बसलेला असतो आणि ‘पापीर हीर’, म्हणजे ‘कागद इकडे’, असे पुकारत राहतो. तोंडाजवळ कागद नेला की आतून ओढणारी हवा तो गिळून टाकते आणि खेइस आभार मानतो. नातीने आमच्याजवळचे कागद पाच मिनिटांत संपवले, नंतर बाकाखाली पडलेली दुसऱ्यांची वेष्टने शोधून आणली, आणि शेवटी माझा हातरुमाल मागितला. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून हा गृहस्थ येथे कचरा खात आहे, आणि मुले स्वतःहून वाकून कचरा उचलत आहेत.

माझी उभी नोकरी पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्याच्या देखभाल विभागात गेली. त्यामुळे कोणत्याही जागी गेलो की माझे डोळे आधी सांध्यांकडे, बिजागऱ्यांकडे, पाणी कुठे झिरपते आहे तिकडे वळतात. घरचे लोक याला खोड म्हणतात. मुलगी-जावई कामानिमित्त आयंडहोवनला असल्याने आणि एफ्टेलिंग तिथून मोटारीने पाऊण-एक तासावर असल्याने हा योग आला. तिकीट दिवसागणिक बदलते, पण आम्ही गेलो तेव्हा मोठ्या माणसाला साधारण 40 ते 50 युरो पडत होते, वाहनतळाचे पैसे वेगळे, आणि चार वर्षे व त्यावरील मुलालाही तिकीट लागते. चौघांच्या एका दिवसाच्या करमणुकीसाठी रुपयांत एवढी मोठी रक्कम मोजल्यानंतर मला झोपाळा किती उंच जातो यापेक्षा झोपाळ्याच्या दांडीचा रंग उडाला आहे का, हे पाहण्याचा हक्क आहे, असे मी मानतो.

एफ्टेलिंगचा मूळ गाभा म्हणजे परीकथांचे वन. 31 मे 1952 रोजी ते दहा कथांच्या देखाव्यांसह खुले झाले. चित्रकार आन्टोन पीक यांनी त्याची रूपे रेखाटली आणि पीटर रायन्डर्स या तंत्रात रमणाऱ्या चित्रपटकाराने त्यातली यंत्रणा हलती केली. पीक सुरुवातीला या कामाला फारसे राजी नव्हते असे सांगितले जाते. बांधकाम पुठ्ठ्या-फळ्यांचे न होता खऱ्या, टिकाऊ साहित्यात होईल या अटीवर ते तयार झाले. ही अट किती शहाणपणाची होती, हे वनात शिरल्यावर पावलागणिक कळते. पीक यांची घरे मुद्दाम वाकडी, पोक काढलेली, जुनाट अशी आहेत, आणि खरी वीट व खरे लाकूड जुने होताना अधिकच शोभते, तर पुठ्ठा जुना होताना फक्त फाटतो. मी एका कुटीच्या भिंतीवर बोट टेकवून पाहिले. वीट होती. शेवाळही खरे होते, आणि ते तिथे राहू दिले होते. दोन पावलांवरच्या पायवाटेवर मात्र शेवाळाचा मागमूस नव्हता. कुठले शेवाळ ठेवायचे आणि कुठले खरवडायचे हे ठरवणारा जो कोणी माणूस तिथे नोकरीला असेल, त्याला मी मनातल्या मनात दाद दिली.

निद्रिस्त राजकन्येचा किल्ला हा पहिल्या काही देखाव्यांपैकी एक. अंथरुणावर झोपलेल्या त्या बाहुलीची छाती संथ लयीत वर-खाली होते, एवढेच काय ते तिथे घडते. ना प्रकाशाचा झगमगाट, ना मोठा आवाज. पण ती हालचाल इतकी सावकाश आणि न अडखळता होते की गजांपाशी उभी असलेली सगळी मुले आपोआप कुजबुजत बोलू लागली. यंत्राशी संबंध आलेल्या माणसाला ठाऊक असते की वेगाने फिरणारे चाक गुळगुळीत ठेवणे त्यामानाने सोपे, पण अतिमंद गतीत जराशी झीज किंवा सुकलेले वंगण असले की लगेच झटका बसतो आणि तो डोळ्यांना दिसतो. त्या राजकन्येच्या श्वासाला झटका नव्हता. वाटेच्या कडेला संगीत ऐकवणाऱ्या भूछत्रांचेही तसेच. त्यांना कान लावून ऐकले तर आत तुटक खरखर नाही; बाहेरून येणारा सूर एकसारखा आणि हळू आहे, दोन भूछत्रांचे सूर एकमेकांत मिसळून गोंगाट होणार नाही इतक्या अंतरावर ती लावली आहेत.

भारतीय माणसाला कुतूहल वाटावे असा देखावा म्हणजे 1966 सालची ‘भारतीय कमळे’. बेल्जियमची राणी फाबिओला हिने लिहिलेल्या परीकथेवर तो बेतला आहे. गुहेसारख्या अंधाऱ्या दालनात तळे आहे, बेडूक वाद्ये वाजवतात, कमळे उमलतात आणि त्यांतून पऱ्या नाचत वर येतात. यातला भारत अर्थातच युरोपच्या कल्पनेतला आहे, आणि आपल्याकडची एखादी आजी हा देखावा पाहून ‘हे कुठले गं गाव?’ असेच विचारील. मी मात्र त्या तळ्याच्या पाण्याकडे पाहत होतो. अंधाऱ्या, बंदिस्त जागेतले साठलेले पाणी लवकर कुबट वास धरते. आमच्या कारखान्यातल्या शीतलन मनोऱ्याच्या टाकीने मला हे वर्षानुवर्षे शिकवले आहे. येथे वास नव्हता. पाण्यावर धुळीची साय नव्हती. परीचे वस्त्र फिकट पडलेले नव्हते, आणि बेडकाची मान वळते तिथे रबराची घडी फाटून आतली सळई डोकावत नव्हती. जवळजवळ साठ वर्षांच्या देखाव्यात हे टिकवायचे म्हणजे कुणीतरी पहाटे उद्यान उघडण्यापूर्वी टॉर्च घेऊन त्या तळ्यात उतरत असले पाहिजे.

सळईचा उल्लेख उगाच केलेला नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच देशातील एका मोठ्या आणि महागड्या उद्यानात मी कुटुंबासह गेलो होतो. तिथे जंगलसफरीच्या देखाव्यात एक हत्ती होता, ज्याचा एक कान हलत होता आणि दुसऱ्या कानाच्या फाटक्या रबरातून लोखंडी सळई बाहेर आली होती. सिंहाची डरकाळी ध्वनिक्षेपकातल्या खरखरीमुळे प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी ऐकू येत होती. एका बंद पाळण्यावर ‘दुरुस्तीचे काम चालू आहे’ असा फलक होता आणि त्यावरची तारीख पावसाने पुसली गेली होती, यावरून काम किती जोरात चालू असेल याचा अंदाज आला. मुख्य आकर्षण असलेला कोस्टर नवा, परदेशी बनावटीचा आणि उत्तम होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्याच्या रांगेत उभे असताना समोरच्या कठड्याचा एक नट हाताने फिरत होता. मी तो फिरवून घट्ट केला आणि मुलीला म्हटले, आपण या पाळण्यात बसायचे नाही. तिला ते आवडले नाही.

माझ्या त्या वागण्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील अनाहाइमच्या डिस्नीलँडमध्ये 5 सप्टेंबर 2003 रोजी झालेला अपघात आठवून पाहावा. बिग थंडर माउंटन या कोस्टरचे इंजिन रुळांवरून सुटले, एका तरुणाचा जीव गेला आणि दहा जण जखमी झाले. चौकशीत आढळले ते असे की, देखभालीच्या वेळी एका मार्गदर्शक चाकाचे बोल्ट ठरलेल्या पद्धतीने आवळले गेले नव्हते आणि ते सैल होऊ नयेत म्हणून बांधायची सुरक्षातार बसवलेली नव्हती. ज्या कंपनीच्या स्वच्छतेचे आणि बारकाव्यांचे धडे जगभर गिरवले जातात, तिच्याच उद्यानात हे घडले. पाहुण्याला बोल्ट दिसत नाही, फक्त रंग दिसतो. म्हणून पोपडे धरलेला रंग पाहून तो न दिसणाऱ्या बोल्टबद्दल तर्क करतो, आणि त्या तर्काला दुसरा कसला आधार त्याच्याजवळ नसतो.

एफ्टेलिंगमध्ये 1981 पासून ‘पायथन’ नावाचा पोलादी कोस्टर आहे. 2018 साली तिथे त्याचा जवळजवळ सगळा लोहमार्ग काढून तोच आराखडा कायम ठेवत नवा बसवण्यात आला. नव्या नावाचा, नव्या जाहिरातीचा कोस्टर त्याच खर्चात उभारून अधिक गर्दी खेचता आली असती, असा विचार तिथल्या हिशोबनिसांच्या मनात आला नसेल असे मला वाटत नाही. उद्यानाची मालकी 1950 साली स्थापन झालेल्या एका न्यासाकडे आहे, भांडवली बाजारातल्या भागधारकांकडे नाही, आणि अशा निर्णयांमागे या रचनेचा वाटा असावा असे मला वाटते. म्हणजे येथे पैशांची पर्वा नाही असे नव्हे. 2017 साली खुल्या झालेल्या ‘सिम्बोलिका’ या राजवाड्यातल्या सफरीवर 35 दशलक्ष युरो खर्च झाले आणि तिकिटांतून ते वसूल होतच असतील.

स्वच्छतागृहांबद्दल एकच वाक्य पुरे : नात दोनदा आणि मी चारदा गेलो, आणि चारही वेळा जमीन कोरडी होती. (या बाबतीत वॉल्ट डिस्ने यांचे एक मला मान्य आहे. 1955 साली डिस्नीलँड उघडताना नळकामगारांच्या संपामुळे पाणपोया आणि शौचालये यांपैकी एकच वेळेत पुरे होणार होते, तेव्हा त्यांनी शौचालये निवडली.) खाण्याबद्दलही फार लिहिण्यासारखे नाही. तळलेले बटाटे आणि पॅनकेक मुलांना चालतात; आम्ही डब्यात थालीपीठ नेले होते आणि बाकावर बसून ते खाल्ले.

उणे काय, तेही नोंदवतो. 1984 सालची ‘कार्नावाल फेस्टिव्हल’ ही बाहुल्यांमधून जगाची सफर घडवणारी फेरी बरीच वर्षे देशोदेशीच्या लोकांच्या ठोकळेबाज चित्रणामुळे टीकेचा विषय होती, आणि व्यवस्थापनाने अलीकडे त्यातली काही दृश्ये बदलली. बाहुलीची मान न अडखळता वळावी यासाठी जे लोक एवढे जपतात, त्यांना त्या बाहुलीच्या चेहऱ्याकडे पाहायला तीन दशकांहून अधिक काळ लागला, हे मला खटकले. दुसरे, परीकथांच्या वनाची खरी गोडी कथा ठाऊक असणाऱ्यालाच. मान लांबवत झाडांच्या वर पाहणारा ‘लांगनेक’ कोण, हे मला माहीत नव्हते. नातीने शाळेत ऐकलेली गोष्ट डच-मराठी मिसळून सांगितली तेव्हा कुठे तो कळला. भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांनी निघण्यापूर्वी या कथा वाचून याव्यात. केवळ वेगवान पाळण्यांसाठी येणाऱ्या तरुणांना येथे दिवस थोडा लांब वाटेल.

संध्याकाळी परत फिरताना फाटकाजवळ एक सफाई कर्मचारी बाकाच्या पायांमागचा कोपरा, जिथे कोणाचीच नजर जात नाही, तो लहान कुंच्याने झाडत होती. मी थांबून पाहू लागलो, तेव्हा तिने मान वर करून काही हवे आहे का असे विचारले. नातीने तिच्या सुपलीतला कागदाचा तुकडा मागून घेतला आणि शेवटचा एकदा लठ्ठंभारतीला भरवण्यासाठी ती उलट्या दिशेने पळत सुटली.