उडी की प्रदक्षिणा?

नागपूरच्या धरमपेठेतला भाचा विचारत होता, "मामा, लॉटरी लागली तर अंतराळात कसं जायचं? वर जाऊन लगेच खाली, की पृथ्वीभोवती फेऱ्या?" जाहिराती बाजूला ठेवून बोलू.

पैसा: व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीनं २०२१ मध्ये उडीचं, म्हणजे वर जाऊन लगेच खाली येण्याचं, तिकीट साडेचार लाख डॉलरला काढलं. कक्षेत, म्हणजे पृथ्वीभोवती फेऱ्या मारत, राहून आलेल्या डेनिस टिटो या अमेरिकी पर्यटकानं २००१ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलर मोजले. लॉटरी मोठीच लागायला हवी!

वेळ: ब्लू ओरिजिन कंपनीची न्यू शेपर्ड (उडीचं रॉकेट) दहा-अकरा मिनिटांत परत यायची, वजनरहित मिनिटं जेमतेम तीन-चार. टिटो आठवडाभर राहिला. कक्षेत दीड तासाला एक फेरी, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय. पण त्यासाठी तासाला २८,००० किमी वेग लागतो, आणि परतताना तो वातावरणात घासूनच घालवावा लागतो. खरी जोखीम तिथं. उडीत ही भट्टी नाही.

तयारी: उडीला काही दिवस, कक्षेला महिने.

धूर: न्यू शेपर्ड हायड्रोजन जाळायची, निघायची वाफ. केरोसीनवाली रॉकेटं काजळी इतक्या वर सोडतात की पाऊसही ती धुवू शकत नाही.

काळं आकाश एकदा बघायचं असेल तर उडी पुरे. तिथं राहायचं, प्रयोग करायचे तर कक्षाच. लॉटरी लागेस्तोवर रमण विज्ञान केंद्राचं तारांगण आहेच.