कॅलरी मोजायला साधा बँड घ्यावा की महागडं घड्याळ?

केवळ कॅलरीच्या आकड्यासाठी महागडं स्मार्टवॉच घेत असाल, तर माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. 2017 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 60 जणांवर मनगटी उपकरणं तपासली. त्यांना बसवलं, चालवलं, पळवलं, सायकल मारायला लावली. सातपैकी सहा उपकरणांनी नाडीचे ठोके 5 टक्क्यांच्या आतल्या फरकाने सांगितले. कॅलरीत मात्र सातही चुकली. त्यातल्या त्यात बरं होतं तेही सरासरी 27 टक्क्यांनी, आणि सर्वात वाईट 93 टक्क्यांनी.

ती मॉडेलं आता जुनी झाली, पण अडचण मुळातच आहे. खरा खर्च मोजायचा तर तोंडाला मास्क लावून शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते पाहावं लागतं. मनगटावरच्या उपकरणाला ते दिसत नाही. ते हालचाल, ठोके, वय, वजन, उंची यांवरून सूत्राने अंदाज बांधतं.

फक्त हालचाल टिपणारा स्वस्त बँड घरकामात हमखास फसतो. पोळ्या लाटताना बसल्या जागी पावलं वाढतात. उलट दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन तीन जिने चढलात, तर हात स्थिर असल्यामुळे त्याला ते कष्ट जाणवतच नाहीत. ठोके मोजणारं घड्याळ इथे उजवं ठरतं. पण ठोके उन्हाने, चहाने, काळजीनेही वाढतात. शिवाय पट्टा सैल असला किंवा बांगड्यांमुळे सरकत राहिला, तर घड्याळाचा ठोके टिपणारा हिरवा प्रकाश त्वचेवर नीट पडत नाही. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्टसर बांधा.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, म्हणून धावणाऱ्यांनी ठोक्यांसाठी तोच घ्यावा. कॅलरी तिथेही सूत्रानेच.

सकाळी चालायला जाणाऱ्यांना साधा बँड पुरे. हिशेब कागदावरही होतो: ताशी 5 किलोमीटरच्या चालीला दर किलो वजनामागे तासाला साधारण साडेतीन कॅलरी. म्हणजे 60 किलोच्या माणसाला अर्ध्या तासात सुमारे 105. यातल्या 30 नुसतं बसूनही खर्च झाल्या असत्या. म्हणून दोन उपकरणांची तुलना करताना आकडा ‘अ‍ॅक्टिव्ह’ (बसून होणारा खर्च वगळून) आहे की ‘टोटल’ (तो धरून) ते आधी बघा, आणि घड्याळाने दाखवलेल्या 300 कॅलरींच्या भरवशावर जास्तीचा वडापाव खाऊ नका.